गर्भवती मातेचे वजन : किती वाढावे आणि कशाने वाढावे

नवी दिल्ली – गर्भारपणात मातेचे वजन किती वाढावे, या प्रश्नाला घरोघरी दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. काही घरांत ‘दोन जिवांसाठी जेव’ असा आग्रह धरला जातो. काही घरांत मात्र कमी खाल्ल्यास मूल लहान राहील आणि प्रसूती सुलभ होईल, या समजुतीने सुनेच्या ताटात हात आखडता घेतला जातो. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही समज चुकीचे असून दुसरा अधिक घातक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या फेरीनुसार देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गर्भवती महिला रक्तक्षयाने ग्रस्त होत्या, तर जन्मतः वजन केलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

वाढलेले वजन कशाचे?

गर्भारपणात वाढणारे वजन म्हणजे केवळ चरबी नव्हे. सुमारे साडेबारा किलो वाढ गृहीत धरल्यास त्यातील तीन किलोंच्या आसपास वजन बाळाचे असते. वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व स्तन, तसेच मातेच्या शरीरातील अधिकचे रक्त आणि द्रव यांचा वाटा जवळपास सहा किलो असतो. उरलेली तीन किलोंची चरबी पुढे स्तनपानाच्या काळात उपयोगी पडते.

भारतीय महिलांसाठी सर्वसाधारणपणे १० ते १२ किलो वाढ योग्य मानली जाते. तथापि हा आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये निश्चित केलेल्या प्रमाणानुसार, गर्भधारणेपूर्वी बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, १८.५ पेक्षा कमी असल्यास साडेबारा ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असल्यास साडेअकरा ते १६ किलो, २५ ते २९.९ असल्यास ७ ते साडेअकरा किलो आणि ३० किंवा अधिक असल्यास ५ ते ९ किलो वाढ अपेक्षित आहे. आपल्या प्रकृतीला योग्य आकडा कोणता, हे डॉक्टरांकडून पहिल्याच तपासणीत समजून घेणे हिताचे ठरते.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळीमुळे वजन फारसे वाढत नाही. अर्धा ते दोन किलो वाढ पुरेशी असते. त्यानंतर सामान्य बीएमआय असलेल्या महिलेचे वजन आठवड्याला सुमारे चारशे ग्रॅम वाढते.

पुणे आणि मुंबईचे अनुभव

या विषयावर महाराष्ट्रात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती महिलांची पाहणी केली. शेतात राबणाऱ्या या महिलांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. आहारातील एकूण उष्मांक व प्रथिने यांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वारंवार घेतले जाते, याचा बाळाच्या जन्मवजनाशी अधिक निकटचा संबंध दिसून आला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून हाच धागा पुढे नेण्यात आला. तेथे पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला अल्पोपाहार महिलांना गर्भधारणेपूर्वीपासून दररोज देण्यात आला. ज्यांना हा अल्पोपाहार मिळाला, त्यांच्यात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर तुलनेच्या गटात १२.४ टक्के आढळले.

दिल्लीतील प्रयोग

राजधानीतही यासंबंधी मोठा अभ्यास झाला. ‘विंग्ज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात ‘सोसायटी फॉर अप्लाइड स्टडीज’ या संस्थेने दिल्लीतील अल्प व मध्यम उत्पन्न गटांच्या वस्त्यांमधील १८ ते ३० वर्षे वयाच्या १३,५०० विवाहित महिलांना सहभागी करून घेतले. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गर्भधारणेपूर्वीपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत पोषण, आरोग्य, स्वच्छता आणि मानसिक आधार यांची एकत्रित काळजी घेतल्यास कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने घटते आणि दोन वर्षांच्या वयात खुंटलेल्या बालकांचे प्रमाण निम्म्यावर येते, असे त्यातून दिसून आले. मातेचा आहार सुधारण्याची योग्य वेळ दिवस राहिल्यानंतर नव्हे, तर त्यापूर्वीच सुरू होते, हा या अभ्यासाचा आशय आहे.

ताटात काय असावे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवती महिलेला दररोज सुमारे ३५० अधिक किलोकॅलरींची गरज असते. एक पेला दूध, दोन पोळ्या आणि वाटीभर डाळ यांतून ती भागू शकते. म्हणजेच आहार दुप्पट करण्याची आवश्यकता नसते. एकाच वेळी पोटभर जेवण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाल्ल्यास मळमळ आणि छातीतील जळजळही कमी होते.

दिल्लीच्या बाजारात हिवाळ्यात पालक, मेथी, मोहरी आणि चाकवत मुबलक मिळतात. शाकाहारी महिलांनी डाळी, हरभरे, राजमा, पनीर, दही यांवर भर द्यावा. मांसाहार करणाऱ्यांनी अंडी व मासे नीट शिजवून घ्यावेत. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दररोज घ्यावी लागते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी.

वजन अधिक असलेल्या महिलांनी या काळात ते घटवण्याचा प्रयत्न करू नये. तळलेले पदार्थ, मिठाई आणि शीतपेये कमी करावीत. एखाद्या आठवड्यात वजन एकाएकी वाढले, चेहरा व हात सुजले, तीव्र डोकेदुखी झाली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. सलग काही आठवडे वजन न वाढणे हेही तपासणीचे कारण आहे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवती महिलांची मोफत तपासणी केली जाते, तर अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. प्रत्येक भेटीत माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाची नोंद करून घेणे हा मातेचा हक्क आहे. त्या नोंदींकडे वेळीच लक्ष दिल्यास अनेक धोके प्रसूतीपूर्वीच ओळखता येतात.