घोरणं कानाला, धोका डोळ्याला!

ऑफिसच्या ट्रिपला मला नेहमी सिंगल रूम मिळते. प्रमोशन वगैरे काही नाही, कारण माझं घोरणं! 'तुझ्याबरोबर झोपायचं तर ओव्हरटाइम द्या' असं आमचा टीम लीड म्हणतो. मीही हसायचो. घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपण समजतो ना?

आमचे बाबा तर घोरण्यात अख्ख्या आंजीत फेमस. आंजी म्हणजे आंजी (मोठी), वर्धा-आर्वी रस्त्यावरचं आमचं गाव. मागच्या दिवाळीत मी घरी होतो. कापसाची वेचणी सुरू होती. पहाटे बाबा उठले आणि चपला चाचपडत म्हणाले, "काहून रे, उजव्या डोळ्याले खालचं काहीच दिसून नाही राहिलं."

दुखणं नाही, लाली नाही. फक्त अर्धं चित्र गायब!

डॉक्टरांचा भलताच प्रश्न

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आमच्या गावातच आहे. तिथे दाखवलं आणि तसेच सेवाग्रामला गेलो. थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत पाहिलं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, सुजली होती. बीपी, शुगर विचारून झालं आणि डॉक्टर म्हणाले, "रात्री घोरता का?"

बाबा गप्प. आई म्हणाली, "घोरते? मधातच श्वास बंद होते त्याईचा. मलेच हलवा लागते."

याला म्हणतात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी जास्तच. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा तेच. तासाला असे पाच ते पंधरा अडथळे म्हणजे सौम्य, तीसच्या वर म्हणजे गंभीर.

नसेचं काय बिघडतं?

ऑप्टिक नर्व्हमध्ये दहा लाखांहून जास्त तंतू असतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर आणि बीपीचे झोके, हे त्यांना झेपत नाही. बाबांना झालं ते हेच: नसेच्या तोंडाशी रक्तपुरवठा अचानक तुटला. हा झटका बऱ्याचदा सकाळी उठल्यावरच कळतो. बीपी आणि डायबेटिस असेल तर धोका आणखी वाढतो.

काचबिंदू (म्हणजे ग्लॉकोमा) आणि अ‍ॅप्निया यांचाही संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असूनही नस झिजू शकते. काहींच्या वरच्या पापण्या इतक्या सैल होतात की उशीवर घासून उलटतात आणि सकाळी डोळे लाल, चिकट. अर्थात घोरणाऱ्या प्रत्येकाची नजर जाते असं नाही. पण गेलेली नजर सहसा पूर्ण परत येत नाही, हेही खरं. बाबांची नाही आली. आता लक्ष आहे ते दुसऱ्या डोळ्यावर.

मास्कवाला हीरो

२०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्नियाचंच नाव घेतलं होतं. तेव्हा मी बातमी वाचली आणि घोरत झोपलो! बाबांनंतर मात्र पुण्यात स्लीप स्टडी करून घेतली. माझा आकडा आला तासाला बावीस. वय एकतीस!

आता रात्री सीपॅप लावतो. हे मशीन १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी पुढे आणलं. मास्कमधून हवेचा दाब, घसा उघडा. दिसतो मी फायटर पायलटसारखा, पण सकाळी डोकं दुखत नाही आणि मीटिंगमध्ये डुलकी येत नाही. मास्क सैल असेल तर हवा डोळ्यांत जाऊन ते कोरडे पडतात, तेवढं सांभाळा.

तुमचा नंबर कधी?

• जोरात घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं: डॉक्टरांना भेटा.
• अ‍ॅप्निया निघाला तर डोळ्यांची नस तपासून घ्या. काचबिंदू निघाला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना घोरण्याचं सांगा.
• वजन आणि दारू कमी करा. कुशीवर झोपा.
• अचानक धूसर किंवा अर्धवट दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. 'उद्या बघू' नको.

बाबाही आता मशीन लावून झोपतात. परवा फोनवर आई म्हणाली, "घर कसं शांत झालं बाप्पा, मलेच झोप येत नाही!"