मे महिन्यातील विहिरीची साक्ष

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हा छत्तीसगडच्या सीमेजवळचा, जंगलाने वेढलेला परिसर असून, पूर्व विदर्भातील या पट्ट्यात वर्षाला साधारणपणे १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, या जिल्ह्यातील तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात सर्वसाधारणपणे 'सुरक्षित' गणले जातात. म्हणजे तेथील भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्ध पाण्याच्या ७० टक्क्यांच्या आत असतो. तरीही अशा सुरक्षित तालुक्यातील एखाद्या टोलीची, म्हणजे छोट्या वस्तीची, विहीर एप्रिल-मेमध्ये तळ गाठू शकते. हा विरोधाभास उलगडण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे निरीक्षण विहीर, अर्थात ठरलेल्या काळी पाण्याची खोली मोजण्यासाठी निवडलेली विहीर.

महाराष्ट्रात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकापासून करीत आली असून, राज्यभरातील सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना, नोंदवते. मोजणी विहिरीच्या काठावरील एकाच खुणेपासून करावी लागते, कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली काढावी लागते आणि मोटरपंप काही तास बंद ठेवावा लागतो. अन्यथा उपशामुळे तात्पुरती खचलेली पातळीच खरी समजली जाते. एका नोंदीला फारसा अर्थ नसतो. त्याच विहिरीच्या त्याच महिन्यातील मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ती ताडून पाहिली आणि शेजारी पावसाचे आकडे मांडले, की घट कमी पावसामुळे आहे की वाढत्या उपशामुळे, हे दिसू लागते.

मात्र पातळीतील तेवढ्याच घटीचा अर्थ सर्वत्र सारखा नसतो. जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहू देणारा भूस्तर, आपल्यातून किती पाणी निथळू देतो यावर सारे अवलंबून असते. गोंदिया जिल्ह्यात ग्रॅनाइट आणि नीस यांसारखे अतिप्राचीन कठीण खडक मोठ्या प्रमाणावर आहेत. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि त्याखालच्या भेगांत. चिकणमातीयुक्त झिजलेल्या अशा थरातून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम दीड टक्का असते, तर वालुकामय गाळाच्या थरात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून एक हेक्टरखालील पातळी एक मीटर उतरली, तर गाळातून सुमारे १६ लाख लिटर पाणी निघते, पण या खडकातून अवघे दीड लाख. उन्हाळी धानाच्या एक हेक्टर बांध्यांना हंगामभरात सुमारे एक कोटी लिटर पाणी लागते असे मानले आणि त्यातील निम्मे परत झिरपते असे धरले, तरी तेवढ्यासाठी तीसहून अधिक हेक्टरांखालील पातळी एक मीटरने खाली जाते. शेजारच्या टोलीतील पिण्याच्या पाण्याची विहीर का आटते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

याच कारणाने कठीण खडकातील साठा जितक्या लवकर रिकामा होतो तितक्याच लवकर भरतो. शंभर मिलिमीटर पाणी मुरले तरी पातळी साडेसहा मीटरांहून अधिक वर येते, आणि थर भरल्यावर उरलेले पाणी नाल्याला मिळते. त्यामुळे चांगल्या पावसाच्या प्रदेशात ऑक्टोबरची, म्हणजे पावसाळ्याअखेरची, नोंद दरवर्षी जवळपास सारखीच राहू शकते आणि ती पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते. याउलट जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, तापीच्या जाड गाळात, ताण वर्षानुवर्षे साचत जातो आणि पावसाळ्यानंतरची पातळीसुद्धा खोल-खोल जाते. तेथील रोग दीर्घकालीन आलेख सांगतो. चिचगडसारख्या भागातील ताण मात्र हंगामी आणि स्थानिक असतो, तो जानेवारी ते मे या काळातील उताराच्या वेगात दिसतो आणि तालुक्याच्या सरासरीत हरवतो. पाऊस सरासरीइतका होऊनही मार्चची पातळी पूर्वीच्या मेइतकी खाली गेली असेल, तर उपसा वाढला हे उघड आहे. अशा वेळी विंधन विहीर आणखी खोल नेणे हा उपाय ठरत नाही, कारण खोलीबरोबर भेगा सामान्यतः विरळ होत जातात.

अटल भूजल योजनेत राज्यातील १३ जिल्ह्यांतील निवडक ग्रामपंचायतींनी पाणीपातळीच्या नोंदी आणि पाण्याचा ताळेबंद गावपातळीवर आणला; गोंदिया जिल्हा त्या यादीत नव्हता. परंतु मोजपट्टीला योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. चिचगड परिसरातील प्रत्येक ग्रामपंचायतीने तीन-चार विहिरी निवडाव्यात, ऑक्टोबर ते जून दर पंधरवड्याला त्यांची पातळी फलकावर लिहावी, आणि उन्हाळी धानाचा निर्णय जानेवारीतील नोंदी पाहूनच ग्रामसभेत घ्यावा.