अक्षय ऊर्जेचा हिशेब

सूर्य, वारा व वाहते पाणी यांपासून मिळणारी, वापरली तरी न सरणारी जी शक्ती, तिला अक्षय ऊर्जा म्हणतात. सर्व वीज केवळ याच साधनांपासून मिळविता येईल काय आणि त्यास खर्च किती, हा प्रश्न हल्ली वर्गातही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास आपला जिल्हा सोयीचा आहे. कारण पोफळीस पाण्यावर, तर जयगडास कोळशावर वीज तयार होते.

प्रथम पाण्याचा विचार करू. पोफळीस १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी इतके खाली आले की एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट पाण्याचीच मर्यादा घातली. त्यामुळे सर्व यंत्रे वर्षभर अखंड चालली असती तर जेवढी वीज मिळाली असती, तिच्या सुमारे सहाव्या भागाइतकीच प्रत्यक्षात मिळू शकते. क्षमता आणि उत्पादन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

सूर्याची गोष्ट निराळी. कोळसा विकत घ्यावा लागतो, ऊन फुकट मिळते. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटास २ रुपये ४४ पैसे इतका खाली आला. तथापि एक किलोवॅटचे पट स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिटे देतात, आषाढ-श्रावणात त्याहून पुष्कळ कमी, आणि दिवेलागणीस मुळीच नाही. म्हणून खरा खर्च वीज निर्माण करण्याचा नसून ती साठविण्याचा व वाहून नेण्याचा आहे. विद्युतघट महाग असतात व पटांच्या मानाने लवकर झिजतात. घाटघर येथे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. परंतु वर चढविताना जेवढी वीज लागते, तेवढी परत मिळत नाही.

याखेरीज पैशात न मोजला जाणारा खर्च असतो. कोयनेच्या जलाशयाखाली गावे गेली आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. किनाऱ्यावर खारी हवा लोखंड खाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब कोसळले. छपरावर पट बसविताना त्यांची बांधणी भक्कम हवी.

तात्पर्य, संपूर्ण अक्षय ऊर्जा अशक्य नाही. पण ती एका साधनाने किंवा एका वर्षात साधणारी नव्हे. दिवसा ऊन वापरावे व धरणाचे पाणी सायंकाळसाठी राखावे, ही दिशा योग्य होय. घरांच्या छपरांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये व तीन किलोवॅटला ७८,००० रुपये साहाय्य ठरविले. उरलेला खर्च किती वर्षांत भरून येईल, हे घरच्या वीजबिलावरून काढण्याचे गणित सातवीच्या मुलांना अवश्य द्यावे. घोषणेपेक्षा हिशेब करावयास शिकलेला विद्यार्थीच उद्या ग्रामसभेत योग्य प्रश्न विचारील.