देवघेवीतली तबकडी

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची झेरॉक्स काढायची तर कायदा आडवा येतो. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची सीडी मात्र घरी न्यावी, तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढून मित्रांना वाटाव्यात आणि मूळ सीडी मुदतीत परत करावी. यात कुठेही चोरी नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989च्या जीपीएल परवान्याने हा वाटपाचा हक्क कायद्याच्या भाषेत पक्का झाला.

अमेरिकेत 1990च्या कायद्याने सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली, पण ना-नफा ग्रंथालयांना त्यातून वगळलं. अट एकच, वेष्टनावर कॉपीराइटचा इशारा हवा. मुक्त सॉफ्टवेअरच्या वेष्टनावर त्याच्या शेजारीच ‘जरूर प्रत काढा’ असंही लिहिता येतं!

इंटरनेट डायल-अपवर चालायचं तेव्हा अशा सीडीची गरज मोठी होती. 700 एमबीची सीडी 56 केबीपीएसच्या डायल-अपवर उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, सुमारे 29 तास लागत. शिवाय नवी प्रणाली टाकताना आपला डेटा जाईल ही धास्ती. जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने ती घालवली. संगणक थेट सीडीवरून सुरू होई, काम रॅममध्ये चाले, हार्ड डिस्कला धक्का लागत नसे. पटलं नाही तर सीडी काढायची, संगणक होता तसाच!

ग्रंथपालांची काळजी ओरखड्यांची. खालच्या चकचकीत बाजूचे बारीक ओरखडे सीडी पुष्कळ सोसते, कारण माहितीसोबत चूक दुरुस्त करणारे जादा संकेतही नोंदलेले असतात. खरा धोका वरच्या बाजूला. माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे बॉलपेनने दाखल क्रमांक लिहिला किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं, की सीडी गेलीच म्हणायची. क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या मार्करने लिहावा.

आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, पण पेन ड्राइव्ह तेच काम करतो. तो परत आला की मूळ फाइल त्यावर नव्याने चढवावी, म्हणजे कुणाच्या घरचा व्हायरस पुढच्या वाचकाकडे जाणार नाही. आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत कुणी ओळखीचं असेल, तर असे दोन पेन ड्राइव्ह देवघेवीत ठेवण्याचा विषय पुढच्या सभेत जरूर मांडायला सांगा.