सूचनालेखन : संगणक 'तुमचे नाव' विचारतो तेव्हा नेमकं कोणाचं?



सूचनालेखन म्हटलं की आपल्याला सहलीची सूचना नाहीतर पाणीपुरवठ्याचा फलक आठवतो. आज एका वेगळ्याच सूचनेबद्दल बोलू. नवा संगणक चालू करताना किंवा ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना 'खाते तयार करा' असा एक पडदा येतो. चार-पाच रकाने असतात, दोन मिनिटांत भरून होतात. पण त्यातली एखादी ओळ धूसर लिहिलेली असेल, तर त्याची किंमत नंतर शाळेला मोजावी लागते.

आमच्या तालुक्यातल्याच एका शाळेचं उदाहरण सांगतो. एका गुरुजींनी हौसेने शाळेच्या संगणकावर उबुंटू टाकलं. लॉगिनचं नाव इंग्रजीत भरलं, मग वरच्या रकान्यात जाऊन स्वतःचं नाव मराठीत दुरुस्त केलं आणि थेट पासवर्डवर आले. पुढे त्यांची बदली झाली. जूनमध्ये शाळा उघडली, संगणक सुरू केला, तर पडद्यावर बदलून गेलेल्या गुरुजींचं नाव! फोन लावला. त्यांनी पासवर्ड लगेच सांगितला, पण तो काही चालेना. मुलांनी वर्षभर केलेली चित्रं, शिष्यवृत्तीच्या सरावाच्या फायली, सगळं आत. दोन आठवड्यांनी उलगडा झाला. पासवर्ड भरताना कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने कोणाच्या लक्षात आलं नाही. लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मराठी केला, तीच बटणं दाबली आणि संगणक उघडला.

चूक कोणाची? गुरुजींची म्हणणं सोपं आहे. पण त्या रकान्याशेजारी 'आत्ता कीबोर्ड : मराठी' एवढे तीन शब्द असते, तर हे घडलंच नसतं.

नाव एक की तीन?

या पडद्यावर बहुतेक जण अडखळतात ते 'नाव' या शब्दाशी. उबुंटूच्या पडद्यावर तीन वेगवेगळी नावं मागितली जातात : तुमचं नाव, संगणकाचं नाव आणि लॉगिनचं नाव. मुलांना हा फरक सांगताना मी आपल्या गावाचंच उदाहरण देतो. आपण राहतो श्रीरामपुरात. पण आपल्या स्टेशनचं रेल्वेतलं नाव बेलापूर, आणि बेलापूर गाव तर काही किलोमीटर लांब! नवी मुंबईत आणखी एक बेलापूर आहेच. म्हणून रेल्वे प्रत्येक स्टेशनाला वेगळा छोटा कोड देते. आपल्या स्टेशनाचा आहे बीएपी. माणसं नावाने ओळखतात, यंत्रणा कोडने ओळखते.

खात्याचंही तसंच. 'पूर्ण नाव' माणसांनी वाचायचं असतं. ते मराठीत लिहिता येतं, मध्ये जागा सोडता येते, नंतर सहज बदलताही येतं. 'लॉगिनचं नाव' हा कोड. लिनक्समध्ये तो साधारणपणे स्मॉल एबीसीडीत लागतो, सुरुवात अक्षराने करावी लागते, जागा सोडलेली चालत नाही. त्याच नावाने तुमचं फोल्डर तयार होतं, म्हणून नंतर बदलणं किचकट जातं. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली, तर फोल्डरला बहुधा ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांचं नाव मिळतं. आपलं नाव असं अर्धवट का आलं, असं अनेक पालक विचारतात. त्याचं उत्तर हे.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. 'पूर्ण नाव' एवढंच विचारलं की कोणी कसं भरतं, कोणी कसं. क्रम महत्त्वाचा असेल तर सूचनेतच तसं सांगावं. नसेल तर 'जसं दिसायला हवं तसं लिहा' म्हणावं.

चांगली सूचना कशी असते?

डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर पाहा. तो नाव मागताना ते कशासाठी वापरलं जाईल हेही सांगतो, काय लिहिलेलं चालेल ते सुचवतो, आणि लॉगिनच्या नावाचा नियम आधीच देतो. सी-डॅकने 2007 मध्ये आणलेली बॉस ही भारतीय प्रणाली याच डेबियनवर उभी आहे. मात्र मराठीत आणताना नुसते शब्द बदलून भागत नाही. कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता देशी शब्द वापरायचा, यावर एकमत व्हावं म्हणून 2008 मध्ये फ्युएल नावाचा प्रकल्प सुरू झाला. शब्द ठरले, तरी वाक्य आपल्यालाच घडवावं लागतं.

आता दोन नमुने शेजारी ठेवून वाचा.

अवघड : 'कृपया वैध वापरकर्तानाव प्रविष्ट करा.'
सोपं : 'लॉगिनसाठी छोटं नाव लिहा. फक्त स्मॉल एबीसीडी आणि इंग्रजी आकडे. पहिलं अक्षर आकडा नको. मध्ये जागा सोडू नका. हे नाव नंतर बदलणं कठीण आहे.'

अवघड : 'परवलीच्या शब्दाची पुष्टी करा.'
सोपं : 'तोच पासवर्ड पुन्हा लिहा.'

अवघड : 'अवैध प्रविष्टी.'
सोपं : 'नावात मोकळी जागा आहे. ती काढा.'

दुसऱ्या रकान्यांत फरक काय आहे? 'प्रविष्ट', 'पुष्टी', 'वैध' हे शब्द चौथीतलं मूल घरी बोलत नाही, त्याची आजीही बोलत नाही. 'लिहा', 'निवडा', 'काढा' ही क्रियापदं सगळ्यांची आहेत. शिवाय नियम चूक झाल्यावर सांगितलेला नाही, आधी सांगितला आहे. पासवर्डला 'परवलीचा शब्द' म्हणावं की 'पासवर्ड', यावर वाद घालता येईल. माझं मत असं की माणूस जो शब्द फोनवर बोलतो तोच पडद्यावर असावा.

परिणाम सांगा

सर्वात महत्त्वाचं राहिलं. सूचनेने परिणाम सांगायला हवा. साध्या उबुंटूत पासवर्ड विसरला तर जाणकार माणूस रिकव्हरी मोडमधून नवा घालू शकतो. पण इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर तो पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवल्यावर आतलं काही परत मिळत नाही. दोन्हीकडे रकाना सारखाच दिसतो, धोका मात्र वेगळा. म्हणून तिथे लिहायला हवं : 'हा पासवर्ड विसरलात तर फायली कायमच्या जातील. कागदावर लिहून सुरक्षित ठेवा.'

'आपोआप लॉगिन' हा पर्यायही तसाच. घरच्या एकट्याच्या संगणकाला सोयीचा. शाळेत मात्र संगणक सुरू करणारा कोणीही थेट आत जातो. हे पर्यायाखाली एका ओळीत सांगता येतं.

वर्गात करून पाहा

पाचवी ते आठवीच्या वर्गात हा उपक्रम एका तासिकेत होतो. फळ्यावर पाच रकाने काढा : पूर्ण नाव, संगणकाचं नाव, लॉगिनचं नाव, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. प्रत्येक गटाने एका रकान्यासाठी दोन ओळींची सूचना लिहायची. मग दुसऱ्या गटाने ती वाचून, काहीही न विचारता, रकाना भरायचा (पासवर्ड अर्थातच खोटा). जिथे भरणारा अडला, तिथे सूचना बदलायची; भरणाऱ्याला हसायचं नाही. मुलांना यातून एक गोष्ट पक्की कळते : वाचणारा चुकला तर आधी आपलं वाक्य तपासावं.

आणि शिक्षक मित्रांनो, एक काम आजच करा. शाळेच्या संगणकावर शाळेच्या नावाचं एक प्रशासक खातं आहे का ते पाहा. नसेल तर तयार करा, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या आणि पाकिटावर लिहा : 'कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून टाकणे.' बदली कोणाचीही होऊ शकते. मुलांच्या फायली शाळेतच राहायला हव्यात.