बापाचा चुकलेला शब्द

प्लेटलेटचा आकडा ९,००० आला की यवतमाळच्या त्या छोट्या लॅबमधला तंत्रज्ञ रिपोर्ट छापत नाही. आधी नळी तिरकी करून गुठळी धरलीय का ते पाहतो. मग काचपट्टीवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या पट्टीची कड टेकवून एकच सरळ ओढ. जिभेच्या आकाराचा पातळ थर वाळला की लिशमनचा रंग, दोन मिनिटांनी बफरचं पाणी, आणि पुन्हा वाट पाहणं.

“पोराच्या पांढऱ्या पेशी किती निंघाल्या जी?” बाकावरून बापाने विचारलं.

इकडे प्लेटलेटला सर्रास पांढऱ्या पेशी म्हणतात. डेंग्यूच्या दिवसांत तर पपईच्या पानांच्या रसासोबत हा शब्दही घरोघर फिरतो. या पोराला मात्र दोन आठवड्यांपूर्वी साधा सर्दीताप येऊन गेलेला. आता नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके, दाबले तरी न फिकटणारे. “तसं तं खेयूनच रायलं.”

तंत्रज्ञ आधी थराच्या शेपटाकडे गेला. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात, यंत्राला ते मोजता येत नाहीत आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावं लागतं. इथे पुंजके नव्हते. तेलाच्या भिंगाखाली दहा ठिकाणी मिळून पाच प्लेटलेट. सरासरी अर्धी, गुणिले १५,०००. यंत्र खरं बोलत होतं. पाचांतल्या दोन चांगल्याच थोराड होत्या: मज्जा घाईने नव्या पाठवतेय, वाटेत कुणीतरी खातंय.

खाणारी असते प्लीहा. विषाणूनंतर शरीराची प्रतिपिंडं कधीकधी आपल्याच प्लेटलेटना चिकटतात आणि प्लीहा त्यांना गिळते. दोष रक्तद्रवातच आहे, हे १९५० मध्ये अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून दाखवलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, आकडीही आली. म्हणूनच इथे बाहेरून चढवलेल्या पेशी टिकत नाहीत. मोठा रक्तस्राव असला तरच त्या देतात. बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आपोआप सावरतात.

तरी तंत्रज्ञ भिंगावरून उठेना. आता तो खऱ्या पांढऱ्या पेशी बघत होता, एकेक करून. रक्ताच्या कर्करोगातही प्लेटलेट अशाच घसरतात. बापाचा शब्द चुकला होता, पण विचारायचं तेच होतं.

शंभर पेशी मोजून झाल्या. एकही कोवळी, विचित्र पेशी नाही. त्याने तेल पुसलं, तेवढं रिपोर्टात लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. दारात पोरगं बापाची चप्पल घालून फिरत होतं.