कॅट दुसऱ्यांदा देताना : आधी मागची उत्तरपत्रिका उघडा

आज बोलायचं आहे ते कॅट एकदा देऊन झालेल्यांशी. पर्सेंटाइल हातात आलंय, हवं तेवढं नाही आलं, आणि आता घरात एकच चर्चा चालू आहे: पुन्हा द्यायची का? दुसऱ्यांदा देणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो, 'या वेळी जास्त अभ्यास कर'. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण बहुतेक वेळा तो मुलांना चुकीच्या जागी घाम गाळायला लावतो. कसा, ते बघू.

उदाहरणासाठी एक संस्था डोळ्यांसमोर ठेवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. कोलकात्याच्या दक्षिण टोकाला, डायमंड हार्बर रोडवर जोका नावाचा भाग आहे. तिथे आयआयएम कलकत्ता आहे. १९६१ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली आयआयएम. शहराचं नाव २००१ मध्ये कोलकाता झालं, संस्थेने मात्र 'कलकत्ता' सोडलं नाही. २०२४ ची कॅट याच संस्थेने घेतली होती, म्हणून आकडे त्या परीक्षेचे घेऊ.

त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार जण परीक्षेला बसले. आता पर्सेंटाइलचा हिशोब करा. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण २९ हजार माणसं. ९५ म्हणजे साडेचौदा हजार. ९९ म्हणजे तीन हजाराच्या आत. ऐकायला ९० आणि ९५ मध्ये पाचचाच फरक, पण त्या पाचासाठी साडेचौदा हजार जणांना मागे टाकावं लागतं. घाबरू नका, कारण याची दुसरी बाजूही आहे. त्या पट्ट्यात माणसं इतकी दाटीवाटीने उभी असतात की मोजक्या प्रश्नांचा फरक तुम्हाला खूप पुढे नेतो. आणि गेल्या काही वर्षांत ९९ पर्सेंटाइलसाठीसुद्धा एकूण गुणांच्या साधारण निम्मे गुण पुरले आहेत, कधी त्याहूनही कमी. म्हणजे ही सगळा पेपर सोडवण्याची परीक्षा नाहीच. आपली बोर्डाची सवय इथे आड येते. दहावीला एक प्रश्न सुटला तरी जीव वरखाली व्हायचा. इथे अर्धा पेपर सोडून देता येणं हीच तयारी.

पुन्हा द्यायची का, हे ठरवण्याआधी थोडं कडू बोलतो. कॅटचा स्कोअर वाढवता येतो, दहावी-बारावीचे गुण वाढवता येत नाहीत. आयआयएम कलकत्ता मुलाखतीची यादी लावताना कॅटला सर्वात जास्त वजन देते, पण दहावी आणि बारावीचे गुणही धरते. शिवाय तिन्ही विभागांत वेगवेगळं किमान पर्सेंटाइल लागतं. एकूण ९७ आहे पण एका विभागात उंबरठा ओलांडला नाही, तर ते ९७ तिथे कामाला येत नाही. म्हणून ज्या संस्थेसाठी वर्ष घालवणार, तिच्या संकेतस्थळावर दिलेलं निवडीचं सूत्र आधी वाचा, वहीत स्वतःचे गुण त्यात भरा आणि कॅटचा आकडा वाढला तर नक्की किती फरक पडतो ते बघा. दहावीला ६५ टक्के असलेल्या मुलाला जोका कदाचित फार महाग पडेल, आणि तोच स्कोअर दुसऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेत पुरेसा ठरेल. प्रत्येकीचं सूत्र वेगळं आहे. या एका संध्याकाळच्या कामाने कितीतरी जणांचं वर्ष वाचेल असं मला मनापासून वाटतं.

ठरलं? मग पहिलं काम नवा क्लास शोधणं नाही. मागच्या परीक्षेची रिस्पॉन्स शीट काढा. परीक्षेनंतर काही दिवसांत उत्तरसूचीबरोबर ती प्रत्येकाला लॉगिनमध्ये मिळते. तुम्ही कुठला प्रश्न सोडवला, कोणता पर्याय निवडला, बरोबर उत्तर काय, सगळं त्यात असतं. तेव्हाच उतरवून घेतली असेल तर उत्तम. नसेल, तर शेवटच्या दहा मॉक परीक्षांचे अहवाल घ्या, कामचलाऊ पर्याय आहे.

आता चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच शब्द लिहा. 'येत नव्हतं', किंवा 'घाई', किंवा 'पोचलोच नाही', किंवा 'हात लावायला नको होता'. पहिल्या प्रकारावर अभ्यास हे औषध आहे. उरलेल्या तिन्हींवर नाही. 'पोचलोच नाही' असे सोपे प्रश्न पाच निघाले, तर पुन्हा सगळी सूत्रं पाठ करून काय मिळणार? तिथे प्रश्नांचा क्रम बदलायला हवा. आणि 'हात लावायला नको होता' हा ढीग बहुतेकांचा सर्वात उंच निघतो, पण तो कुणी मोजतच नाही.

मोजून दाखवतो. पेपर ६८ प्रश्नांचा होता: इंग्रजी आकलनाचे २४, डेटा आणि तर्काचे २२, गणिताचे २२. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, आणि एका विभागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. समजा, इंग्रजीत तुम्ही २२ प्रश्न सोडवले, ११ बरोबर, ११ चूक. ३३ वजा ११, गुण २२. आता तेच ११ बरोबर ठेवा आणि चुकलेल्यांपैकी सहा प्रश्नांना हातच लावू नका. ३३ वजा ५, म्हणजे २८. ज्ञान तेवढंच, इंग्रजी तेवढंच, गुण सहा जास्त. शिवाय त्या सहा प्रश्नांवर गेलेली आठ-दहा मिनिटं हातात उरली, ती वेगळीच.

मग अंदाज लावायचाच नाही का? चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारात एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो. बेरीज शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं असेल, तर उरलेल्या तिनांतला अंदाज सरासरीने थोड्या फायद्याचा ठरतो. दोन पर्याय काढता आले तर निवडाच. आणि ज्या प्रश्नांत उत्तर टाइप करायचं असतं त्यांना वजा गुण नाहीत. ती जागा रिकामी ठेवून उठणं म्हणजे मोफतची संधी सोडणं.

डेटा आणि तर्काच्या विभागात हेच जास्त ठळक दिसतं. तिथे २२ प्रश्न पाच संचांत होते. संच चुकीचा निवडला की दहा-बारा मिनिटं गेली आणि हातात काही नाही. पुन्हा देणाऱ्यांनी इथे एक सवय लावून घ्यावी: पहिली चार मिनिटं पेन उचलायचंच नाही. पाचही संच वाचायचे आणि दोन निवडायचे. ही चार मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, सुरुवातीला हात शिवशिवतात. सरावासाठी दुसरा खेळ खेळा. जुन्या पेपरचे पाच संच समोर घ्या, सोडवू नका, फक्त सोप्यापासून अवघडापर्यंत क्रम लावा, मग पाचही सोडवून आपला क्रम बरोबर होता का ते पाहा. महिनाभर केलं तर डोळा तयार होतो.

इंग्रजीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण लातूर असो, बेळगाव असो की इंदूर, मराठी घरातली मुलं या विभागाला उगाच बिचकतात. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर होते. उतारे असतात पर्यावरण, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांवरच्या लेखांमधले. तिथे शब्दसंपत्तीपेक्षा जास्त तपासलं जातं ते हे, की लेखक काय म्हणतोय, कशाच्या विरोधात म्हणतोय आणि कुठवर जाऊन थांबतोय. हे कौशल्य भाषेच्या पलीकडचं आहे. ज्याने मराठीत गंभीर वैचारिक लेख मन लावून वाचलेत, त्याच्याकडे ते निम्मं आहेच. सराव असा करा: इंग्रजी लेखाचा एक परिच्छेद वाचा, मान वर करा आणि त्यातला दावा एका मराठी वाक्यात बोला. भाषांतर नाही, दावा. 'लेखक म्हणतोय की शहरं वाढली म्हणून नद्या मेल्या नाहीत, नद्यांकडे पाठ फिरवून वाढली म्हणून मेल्या.' एवढं सांगता आलं की प्रश्नांचे निम्मे पर्याय आपोआप गळतात. दोन-तीन महिन्यांनी हे वाक्य मनातल्या मनात, न थांबता तयार होऊ लागतं.

गणिताबद्दल कमी बोलतो. टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग आणि बीजगणित, मोठा भाग यांतच येतो. शाळेत शिष्यवृत्तीची परीक्षा दिलेल्यांना नावं ओळखीची वाटतील.

पुस्तकांचा मोह मात्र टाळा. कोलकात्यात असाल तर कॉलेज स्ट्रीटला जाणं होणारच, आणि तिथल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात कॅटचे जाडजूड ग्रंथ स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, गणिताचे धडे काही बदललेले नाहीत. पण त्यातल्या नमुना परीक्षा घड्याळ लावून सोडवू नका. २०१९ पर्यंत पेपर तीन तासांचा आणि १०० प्रश्नांचा होता. २०२० मध्ये तो दोन तासांचा झाला, २०२१ पासून प्रश्न आणखी कमी झाले. त्या जुन्या चालीवर पाय बसला तर ४० मिनिटांत धाप लागेल. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत दरवर्षी तीन सत्रं झाली, म्हणजे आजच्या घाटाच्या बारा खऱ्या प्रश्नपत्रिका तेवढ्यातच मिळतात. त्या जपून वापरा. तुम्ही बसला होता तो पेपर आणि मागच्या वर्षी सोडवलेले मॉक पुन्हा सोडवून मिळालेल्या गुणांवर विश्वास ठेवू नका. उत्तर आठवत नसलं तरी वाट आठवते, आणि आकडा फुगतो.

नोकरी सोडून तयारी करावी का, हाही प्रश्न असतोच. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी सोडू नये. रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी एक मॉक, तो सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ तपासायला, एवढं नोकरी सांभाळून जमतं. अनुभवाला पुढे निवडीत वजन असतं, आणि मुलाखतीत रिकाम्या वर्षाचा जाब द्यावा लागतो तो वेगळाच. दोन वर्षांची फी २५ लाखांच्या पुढे असताना हातातला पगार घालवणं कर्जाच्या हिशोबातही बसत नाही.

आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत. कॅट वर्षातून एकदाच होते आणि तिचा स्कोअर पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच चालतो. म्हणजे मागचा आकडा चांगला असला तरी साठवून ठेवता येत नाही. एनमॅट एका हंगामात तीनदा देता येते. महाराष्ट्राची सीईटी आहे, तिथे चुकीला वजा गुण नाहीत, आणि मुंबईच्या जमनालाल बजाजचा रस्ता मुख्यतः तिथूनच जातो. नोकरीची पाच वर्षं झाली असतील तर जोक्याच्या त्याच आवारात एक वर्षाचा एमबीएएक्स आहे, तिथे जीमॅट चालते. जीमॅट सोळा दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, वर्षात पाच वेळा, आणि स्कोअर पाच वर्षं टिकतो.

शेवटी एक बारीक गोष्ट. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये निघतात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद होतात. परीक्षेचं शहर तुम्ही पसंतीक्रमाने सांगू शकता, सत्र नाही. सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी साडेचार, यांतलं कुठलंही वाट्याला येईल. केंद्र कोलकात्यात असेल, तर नोव्हेंबरच्या शेवटी इथे पाचच्या आधी सूर्य मावळतो. संध्याकाळच्या सत्रात इंग्रजीचे उतारे संपेपर्यंत बाहेर अंधार पडलेला असतो, आणि पुण्या-नागपुराच्या संध्याकाळीची सवय असलेल्याला उगाचच उशीर झाल्यासारखं वाटतं. म्हणून शेवटच्या महिन्यातले मॉक तिन्ही वेळांना आळीपाळीने द्या, आणि निदान दोन तरी ऑफिसातून थकून आल्यावर साडेसहाला बसून द्या.